बाँडपटांचे कपडे आणि प्रॉप्स : प्रदर्शनात नेमकं काय बघायचं?

टाकादोरा

जेम्स बाँडच्या चित्रपटांतले कपडे, हत्यारं आणि गाड्या यांची प्रदर्शनं गेली काही वर्षं जगभर फिरताहेत. पहिल्या चित्रपटाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०१२ साली, लंडनच्या बार्बिकन कलाकेंद्रात ‘डिझायनिंग ००७’ भरलं आणि पुढे टोरांटो, शांघाय, मेलबर्न, रॉटरडॅम, पॅरिस, दुबई असं गावोगाव गेलं. गाड्यांचं ‘बाँड इन मोशन’ वेगळं. ते त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ब्यूलीच्या मोटार संग्रहालयात सुरू झालं आणि नंतर बरीच वर्षं लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये होतं.

बहुतेक लोक गाडीपुढे फोटो काढतात, बिकिनीपुढे दोन मिनिटं थांबतात आणि पाऊण तासात दुकानात पोचतात. तिकिटाचे पैसे वसूल व्हायचे असतील तर कसं बघायचं, यासाठी हा धागा. सुरुवात कपड्यांपासून करतो.

आधी पाटी वाचा. नाव आणि साल तर सगळेच वाचतात, त्याखालची बारीक ओळ महत्त्वाची. ‘स्क्रीन-यूज्ड’ म्हणजे ती वस्तू पडद्यावर दिसली आहे. ‘मेड फॉर द प्रॉडक्शन’ म्हणजे चित्रपटासाठी बनवली, पण कॅमेऱ्यासमोर आलीच असं नाही. ती राखीव प्रत असू शकते. ‘रीक्रिएशन’ किंवा ‘रेप्लिका’ म्हणजे नंतर बनवलेली. साठच्या दशकातल्या कपड्यांपुढे हा तिसरा शब्द बऱ्याचदा दिसेल, कारण तेव्हा शूटिंग संपलं की कपडे भाड्याच्या गोदामात परत जात, दुसऱ्या चित्रपटासाठी उसवले जात किंवा कुणीतरी घरी नेत. कुणाला ठाऊक होतं पन्नास वर्षांनी काचेत ठेवायचेत म्हणून!

पाटी झाली की कोट बघा. शॉन कॉनरीचे सूट अँथनी सिंक्लेअर या लंडनच्या शिंप्याचे. दिग्दर्शक टेरेन्स यंगचा तो नेहमीचा शिंपी, त्यानंच कॉनरीला तिकडे नेलं. या कापाला ‘कॉन्ड्युइट कट’ म्हणतात. खांद्यात भर जवळजवळ नाही, छातीला थोडा सैलपणा, कमरेला हलका आवळ. पॅन्टला पट्ट्याचे लूप शोधू नका, सापडणार नाहीत. कंबरपट्टीच्या दोन्ही बाजूंना बटणाच्या छोट्या पट्ट्या असतात, त्यांनी कंबर कमीजास्त करायची. शर्टाची बाही उलटी दुमडून बटणांनी बंद केलेली. हा टर्नबुल अँड असर या लंडनच्या शर्टवाल्यांचा कॉकटेल कफ, त्याला कफलिंक लागत नाही.

पियर्स ब्रॉस्ननचे सूट ब्रियोनी या इटालियन कंपनीचे. डॅनियल क्रेग ‘कसिनो रॉयल’मध्ये ब्रियोनीत आहे आणि २००८ पासून टॉम फोर्डच्या सुटांमध्ये. दोन्ही काळांतले कोट शेजारी असतील तर फक्त खांद्याची शिवण बघा. ब्रॉस्ननचा खांदा बांधीव आणि रुंद, क्रेगचा अंगाला चिकटलेला. वेशभूषाकार बदलले की खांदा बदलतो. ‘गोल्डनआय’पासून ‘कसिनो रॉयल’पर्यंत सलग पाच चित्रपट लिंडी हेमिंग, पुढे ‘स्कायफॉल’ आणि ‘स्पेक्टर’ला जॅनी टेमीम.

शक्य असेल तर पुतळ्याच्या मागे जा. कोटाची पाठ बघितल्याशिवाय पुढे सरकू नका.

रविवारचा_प्रेक्षक

पाठीत काय असतं? कापच बघायचा ना?

टाकादोरा

काप बघायचाच, पण शिवणीतल्या फटी मुख्य. एका प्रसंगासाठी एकच सूट कधीच नसतो. जवळून दिसायचा एक, धावायचा वेगळा, पाण्यात पडायचा वेगळा, स्टंट करणाऱ्याच्या मापाचा वेगळा. तारेवर लोंबकळायचं असेल तर आत हार्नेस, म्हणजे अंगाला आवळलेले पट्टे, असतो आणि तार कमरेपाशी बाहेर काढावी लागते. त्यासाठी बाजूच्या शिवणीत किंवा खिशाच्या झाकणाखाली फट ठेवतात, तिच्या कडा पक्क्या करतात आणि रोजच्या शूटिंगला वरवर धावदोरा घालून ती मिटवतात. तो धावदोरा कधी कधी तसाच राहिलेला असतो, बाकी शिवणीपेक्षा टाके लांब आणि ढिले.

स्टंटची प्रत ओळखायच्या आणखी खुणा सांगतो. आत कोपर, गुडघा, पाठ यांचे पॅड बसावेत म्हणून कोट एक-दीड माप मोठा असतो, त्यामुळे पुतळ्यावर पाठीला आडव्या चुण्या पडतात. मोटरसायकल चालवताना हात पुढे ताणला की बाही मनगटावरून वर सरकते, म्हणून तसल्या प्रतीची बाही मुद्दाम लांब कापलेली. पुतळ्यावर ती अंगठ्यापर्यंत येते आणि लोक म्हणतात, ‘एवढ्या महागड्या कोटाची फिटिंग बघा.’ फिटिंग बरोबरच आहे, हात ताणायचा राहिलाय.

मळकेपणाही पायऱ्यापायऱ्यांनी केलेला असतो. स्वच्छ, धुळकट, फाटका, रक्ताळलेला अशा प्रती ओळीनं तयार ठेवतात, कारण दृश्यं क्रमानं चित्रित होत नाहीत. खांदे-कोपरं सॅन्डपेपरनं किंवा किसणीनं घासतात, धुळीला मुलतानी माती. कोटाच्या अस्तरात किंवा कॉलरच्या आत कापडी पट्टीवर पात्राचं नाव आणि प्रतीचा आकडा लिहिलेला असतो. प्रदर्शनात कोट थोडा उघडा ठेवला असेल तर वाकून बघा, पट्टी दिसली तर दिवस सार्थकी लागला.

पाटीवाचक

रेप्लिकाबद्दल एक स्पष्ट मत मांडतो. मूळ वस्तू नसेल तर पुतळा रिकामा ठेवा. नव्यानं शिवलेला सूट बघायला विमानाचं भाडं भरून कोण जाईल?

टाकादोरा

कोणी शिवला त्यावर आहे. ‘डॉ. नो’मधला डिनर सूट २०१२ च्या प्रदर्शनासाठी पुन्हा करून घेतला, तो अँथनी सिंक्लेअरचंच नाव चालवणाऱ्यांकडून. मिडनाइट ब्लू कापड, साटनची शाल कॉलर, कोटाच्या बाहीलाही साटनचा उलटा कफ. कृत्रिम उजेडात काळा कोट किंचित हिरवट-मळकट दिसतो आणि हा गर्द निळा काळ्याहून काळा दिसतो. म्हणून तर तो रंग. पडद्यावर हे कळत नाही, पुतळ्यासमोर दोन पावलं डावी-उजवी केली की कळतं. मूळ सूट नाही म्हणून हे बघायचंच नाही, याला काय अर्थ?

प्रतिकृती आहे हे पाटीवर लपवलं तर मात्र तुमच्या बाजूनं.

पाटीवाचक

लपवत नाहीत, पण अक्षर मुंगीएवढं असतं. तेवढी तक्रार कायम.

खटपट्या

प्रॉप्सकडे येतो. इथेही एका वस्तूच्या अनेक प्रती. ‘हीरो’ प्रॉप जवळच्या शॉटसाठी, खऱ्या धातूचा, हलणारे भाग चालू असलेला. ‘स्टंट’ प्रॉप रबराचा किंवा रेझिनचा, पडला-लागला तरी कुणाचं डोकं फुटणार नाही असा. लांबून दिसणारे तिसरे, नुसता आकार आणि रंग.

काचेबाहेरून ओळखायचं कसं? कडा बघा. धातू घासला गेला की कडेला चकाकी येते. रेझिनवरचा रंग गेला की खालचा पिवळट किंवा करडा थर दिसतो. साच्यातून काढलेल्या वस्तूला दोन अर्ध्यांच्या सांध्याची बारीक रेघ असते, बहुधा खालच्या बाजूला, नीट न घासलेली. स्क्रूच्या खाचेत सावली पडत नसेल तर स्क्रू साच्यातच ओतलाय. रबरी पिस्तुलाची नळी काही वर्षांनी वाकते. पुढून एका रेषेत बघितलं तर लगेच दिसतं.

‘द मॅन विथ द गोल्डन गन’ (१९७४) मधलं सोनेरी पिस्तूल यासाठी उत्तम. पेन म्हणजे नळी, लायटर म्हणजे गोळीचं घर, सिगारेट केस म्हणजे मूठ आणि कफलिंक म्हणजे घोडा. काचेत सुटे भाग मांडले असतील तर ते कुठल्या बाजूनं एकमेकांत बसतात ते डोळ्यांनी जुळवून बघा. जोडलेलंच ठेवलं असेल तर सांधे बघा. हे पिस्तूल एकच नव्हतं, सुटं होणारं वेगळं आणि वाजणारं वेगळं. त्यातलं एक २००८ साली इंग्लंडमधल्या एका प्रॉप गोदामातून चोरीला गेलं, तेव्हा त्याची किंमत सुमारे ८०,००० पौंड सांगितली होती.

दुसरं उदाहरण घड्याळाचं. ‘लिव्ह अँड लेट डाय’ (१९७३) मध्ये रॉजर मूरच्या रोलेक्सची कडा करवतीसारखी फिरते. त्या प्रॉपमध्ये काटे फिरवणारं यंत्रच नाही, ते काढून कडा फिरवायची सोय बसवली होती. पुढे ते लिलावात मोठ्या किमतीला गेलं. म्हणजे वेळ न दाखवणारं घड्याळ, आणि चालू घड्याळापेक्षा कितीतरी महाग!

रविवारचा_प्रेक्षक

भारी. ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’मधला दातांनी चावणारा तो खलनायक, जॉज, त्याचे दात खरे स्टीलचे होते का?

खटपट्या

धातूचेच. जॉज झालेल्या रिचर्ड कीलच्या तोंडाचा साचा घेऊन बनवले होते. आराखडा कॅथरिना कुब्रिकचा, म्हणजे दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकच्या सावत्र मुलीचा. तोंडात इतके टोचायचे की काही मिनिटांच्या वर ठेवता येत नसत. लावायचे, शॉट घ्यायचा, काढायचे. प्रदर्शनात दिसले तर बाहेरच्या चकाकीपेक्षा आतली बाजू बघा. टाळूच्या बाजूला धातू कसा वळवलाय त्यावरून तो तोंडात बसवायला केला की नुसता दाखवायला, ते कळतं. आणि कुलपं-केबल चावायच्या शॉटमध्ये मऊ वस्तू ठेवतात, दातांवर भरवसा नसतो.

आडवीफळी

दिवे इतके मंद का ठेवतात ते कुणीतरी सांगा. काळ्या खोलीत काळा कोट, वर दिव्याचा एक ठिपका. वातावरणनिर्मिती म्हणायची की बिल वाचवणं?

मंदउजेड

दोन्ही नाही. कापडासाठी संग्रहालयांचा नेम ५० लक्स हा आहे (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). रेशीम आणि रंगवलेलं सुती कापड उजेडानं कायमचं खराब होतं, आणि हा परिणाम साठत जातो. दर दिवशी ८ तास, ९० दिवस, ५० लक्स धरले तर ३६,००० लक्स-तास होतात. दिवा २०० लक्सचा केला तर तेवढ्याच दिवसांत १,४४,०००, म्हणजे वर्षभराचा उजेड तीन महिन्यांत. फिरत्या प्रदर्शनात कपडा एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो, हिशेब मात्र एकाच वहीत. म्हणून मधूनमधून काही पोशाख काढून अंधारात विश्रांतीला ठेवतात आणि दुसरे लावतात. तुम्हाला हवा तो नेमका नसेल तर कारण हे असू शकतं.

उपाय सोपा आहे. उन्हातून आल्यावर डोळे मंद उजेडाला सरावायला पाच-दहा मिनिटं लागतात. पहिल्या दालनात गाड्या, पोस्टरं, पडद्यावरच्या चित्रफिती असं उजळ काही असेल तर ते झाल्यावर लगेच कपड्यांपुढे उभे राहू नका. आधी मजकुराच्या भिंती वाचा. मोबाइलचा पडदा एकदम कमी करा, नाहीतर दर फोटोनंतर डोळे पुन्हा पहिल्यापासून. मोबाइलची बॅटरी लावून कोटावर मारू नका. रखवालदार ओरडेल तो वेगळाच.

कपडे न धुता का ठेवतात हेही विचारलं जातं. कॉलरवरचा मेकअप, मुद्दाम लावलेली माती, खोटं रक्त हे सगळं त्या वस्तूचा भाग. धुतलं तर पुरावा गेला. खऱ्या घामाचं मात्र अवघड. काखेतलं रेशमी अस्तर त्यानं कुजतं. बारकाईनं बघितलं तर काखेत जाळीचं कापड आतून टाचून आधार दिलेला दिसेल.

सगळ्यांत आधी मरतात ते प्लॅस्टिक आणि रबराचे पोशाख. पाणबुड्याचे सूट, मुखवटे, फोमचे पॅड. लेटेक्स सुकून तडकतं, पॉलियुरेथेन फोम दमटपणानं चिकट होतो आणि मग भुगा होतो, पीव्हीसीतून तेलकट द्रव बाहेर येतो. ‘थंडरबॉल’च्या काळातलं रबर आज लवचीक दिसलं तर पाटी परत वाचा. लोकरीचा सूट मात्र कसर लागू दिली नाही तर शंभर वर्षं सहज काढतो.

टाकादोरा

पुतळ्यांबद्दल भर घालतो. ‘कॉनरी एवढासाच होता?’ असं लोक म्हणतात. कपड्यात पुतळा घालताना कपडा ताणायचा नाही, हा पहिला नियम. म्हणून पुतळा आधी बारीक घेतात आणि मग पॉलिएस्टर कापूस थरथरानं गुंडाळून कपड्याच्या आतल्या मापापेक्षा किंचित कमीच ठेवतात. त्यावर होजियरीचं गुळगुळीत आवरण. शिवाय डोकं नाही, म्हणून उंची एकदम कमी वाटते. अंदाज घ्यायचा तर खांद्याची शिवण तुमच्या नजरेच्या कुठे येते ते बघा, पण आधी चौथऱ्याची उंची वजा करा.

बूट घातलेला पुतळा असेल तर पोटरीमागे लोखंडी दांडा दिसतो. बुटाच्या तळाला भोक पाडायचं नाही म्हणून पुतळ्याचं वजन त्या दांड्यावर. दांडा तळव्यातून गेलेला दिसला तर बूट बहुधा मूळचा नाही.

पाटीवाचक

बिकिनीवर कुणीच बोलत नाही? प्रदर्शनात सगळ्यात मोठी गर्दी तिथेच.

टाकादोरा

उर्सुला अँड्रेसची ‘डॉ. नो’मधली बिकिनी जमैकातच तयार झाली, तिनं आणि टेसा वेलबॉर्न या वेशभूषाकार बाईंनी मिळून केलेली. पांढरीशुभ्र वाटते, पण कापड हस्तिदंती रंगाचं सुती आहे. कमरेला लष्करी पद्धतीचा जाड विणीचा पट्टा आणि त्याला सुरी. २००१ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ती ४१,१२५ पौंडांना गेली. बघायची गोष्ट म्हणजे पट्टा. बिकिनी नाजूक आणि पट्टा ओबडधोबड, गंमत त्या विरोधात आहे. ‘डाय अनदर डे’मधल्या हॅली बेरीच्या नारिंगी बिकिनीवरही पट्टा ठेवला तो त्याच आठवणीसाठी. दोन्ही एका दालनात लावल्या असतील तर बकलांची तुलना करा.

आडवीफळी

फोटोचं सांगा. काचेवर स्वतःचंच तोंड येतं.

मंदउजेड

फ्लॅश बंद, हे धरून चालू. ५० लक्सला एफ/२ (लेन्सचं छिद्र, आकडा लहान तितकं मोठं), १/६० सेकंद आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) साधारण १२५० असा हिशेब येतो. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सवर एफ/५.६ असेल तर आयएसओ १०,००० च्या आसपास जातं, म्हणून मोठ्या छिद्राची एकच लेन्स न्या. ३५ किंवा ५० मिमी पुरते. ट्रायपॉड आणि सेल्फीच्या काठ्या बऱ्याच ठिकाणी आत नेऊ देत नाहीत.

पोलरायझर फिल्टरबद्दल मोठा गैरसमज आहे. काचेसमोर सरळ उभं राहिलं तर त्याचा उपयोग शून्य. काचेचं प्रतिबिंब तो नीट खातो ते लंबाशी सुमारे ५६ अंशांचा कोन असताना, म्हणजे बरंच तिरकं उभं राहून. वर तो एक-दीड स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), मग वरचा आयएसओ १२५० वरून २५००-३५०० वर. आणि पेटी ॲक्रिलिकची असली तर कधी कधी इंद्रधनुषी डाग उमटतात, ते प्लॅस्टिकमधल्या ताणाचे.

त्यापेक्षा गडद रंगाचा साधा शर्ट घालून जा. पांढरा शर्ट हाच काचेवरचा सगळ्यात मोठा दिवा असतो. मऊ रबराचं हूड लावून लेन्स काचेला हलकेच टेकवता आली तर प्रतिबिंब उरतच नाही. मात्र काही पेट्यांना धक्क्याचा अलार्म असतो, तिथे टेकवू नका.

खटपट्या

गाड्यांचा मुद्दा राहिला. ॲस्टन मार्टिन डीबी५ समोर उभं राहून पहिला प्रश्न विचारायचा: ही कुठली? ‘गोल्डफिंगर’ (१९६४) साठी दोन गाड्या वापरल्या, एक चालवायला आणि एक करामतींसाठी. जाहिरातीसाठी आणखी दोन केल्या. करामतींची मूळ गाडी १९९७ मध्ये फ्लोरिडातल्या एका हँगरमधून चोरीला गेली. २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’साठी आठ नव्या प्रती बनवल्या, त्यांचा सांगाडा वेगळा आणि अंग कार्बन फायबरचं. ‘स्कायफॉल’मध्ये जळताना दिसते तो तर एक-तृतीयांश मापाचा नमुना. असे तीन नमुने जर्मनीच्या व्हॉक्सेलजेटनं थ्रीडी प्रिंट केले.

मग मूळ करामती कशा चालायच्या? बीएमटी २१६ए ही नंबराची पाटी आणि तिच्यासोबतच्या दुसऱ्या देशांच्या पाट्या तिकोनी दांड्यावर फिरायच्या, ते खरंच चालायचं. पुढच्या इंडिकेटरमागून येणाऱ्या मशीनगनच्या नळ्यांत ॲसिटिलीन वायू सोडून ठिणगीनं पेटवायचे, म्हणून ती ज्वाळा निळसर-पिवळी दिसते आणि गोळीचं टरफल कुठेच पडत नाही. उडणाऱ्या खुर्चीचा शॉट वेगळा घेतला. विमानातली ती खुर्ची इतकी मोठी की ती ठेवून गाडी चालवणंच शक्य नव्हतं, म्हणून एरवी साधी खुर्ची. चाकातून निघणारं टायरफाड्या पातं जवळच्या शॉटसाठी स्वतंत्र जोडणीवर. प्रदर्शनातल्या गाडीत छताचा सरकता तुकडा असला तर त्याची रबरी पट्टी आणि कडेची फट बघा. नुसता रंगवलेला चौकोन असेल तर ती गाडी दाखवायचीच.

लोटस एस्प्री (१९७७, ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’) ही तर अनेक सांगाड्यांची मिळून एक गाडी. चाकं आत घेणारं एक, पंख काढणारं एक, किनाऱ्यावर येणारं एक. पाण्याखाली खरोखर चालणारी एकच, फ्लोरिडाच्या पेरी ओशनोग्राफिकनं केलेली. ती कोरडी नव्हती! आत पाणी भरलेलं आणि चालवणारे श्वासाची नळकांडी लावलेले पाणबुडे. खिडक्यांवरच्या त्या पट्ट्या-पट्ट्यांच्या जाळ्या ते दिसू नयेत म्हणून. सगळे त्यांना बाँडची फॅशन समजतात. ती गाडी २०१३ च्या लिलावात इलॉन मस्कनं घेतली, त्यामुळे प्रदर्शनात दिसते ती बहुधा दुसऱ्या सांगाड्यांपैकी.

रविवारचा_प्रेक्षक

कायमस्वरूपी बघायला मिळेल असं कुठे? फिरत्या प्रदर्शनाचा भरवसा नाही.

आडवीफळी

ऑस्ट्रियात झोल्डेनला ‘००७ एलिमेंट्स’. जुलै २०१८ मध्ये उघडलं, गाइसलाखकोगल शिखरात खोदून बांधलंय, ३,००० मीटरच्या वर. ‘स्पेक्टर’चं चित्रीकरण तिथलं. इथे कपड्यांची रांग बघायला जाऊ नका, भर चित्रीकरण, जागा आणि ध्वनिचित्रांवर आहे. आत मुद्दाम गोठणबिंदूच्या जवळ तापमान ठेवतात, म्हणून भर उन्हाळ्यातही जाकीट आणि बंद बूट हवेत. केबल कार मधल्या थांब्यावर बदलावी लागते. एकदम वर जाणाऱ्यांना विरळ हवेनं डोकं जड होतं, आधी पाणी प्या आणि पायऱ्या सावकाश चढा. हिवाळी आणि उन्हाळी हंगामाच्या मध्ये केबल कार दुरुस्तीला बंद असते, तारीख बघूनच निघा. वारा वाढला तरी बंद, म्हणून हाताशी एक जादा दिवस ठेवा.

स्वित्झर्लंडमध्ये शिल्थॉर्न, २,९७० मीटर. ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ (१९६९) मधला खलनायकाचा अड्डा म्हणजे तिथलं फिरतं रेस्टॉरंट. इमारत अर्धवट असताना निर्मात्यांनी आतली सजावट आणि हेलिकॉप्टर उतरायची जागा आपल्या खर्चानं पुरी केली आणि मोबदल्यात चित्रीकरण केलं. त्याच इमारतीत खाली प्रदर्शनही आहे. आधी वर बसा आणि मग ते उरका. ढग दुपारी चढतात.

वॉशिंग्टनचं इंटरनॅशनल स्पाय म्युझियम २०१९ पासून लाँफॉन्ट प्लाझाच्या नव्या इमारतीत आहे. मेट्रो स्टेशन त्याच नावाचं, तिकीट ठरावीक वेळेचं. तिथे खऱ्या हेरांची साधनं आहेत: केजीबीचं लिपस्टिकच्या आकाराचं ४.५ मिमी एकबारी पिस्तूल, टाचेत ट्रान्समीटर लपवलेला बूट. ही बघून मग चित्रपटाचे प्रॉप्स बघितले की फरक लगेच जाणवतो. खरी वस्तू लाजाळू, ओळखू येऊ नये म्हणून केलेली. प्रॉप शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळला पाहिजे, म्हणून मोठं बटण, लाल दिवा, सोनेरी मुलामा.

पाटीवाचक

वेळ किती धरायचा? कुटुंबासोबत असेल तर कपड्यांपुढे कुणी थांबू देत नाही.

टाकादोरा

कपडे आणि प्रॉप्स असलेल्या मोठ्या प्रदर्शनाला अडीच तास. पहिल्या फेरीत सगळ्यांबरोबर चाळीस मिनिटांत शेवटपर्यंत जा, काहीच वाचू नका, फक्त कुठे परत यायचं ते ठरवा. मग मंडळी दुकानात किंवा चहाला गेली की उलटे फिरा. पण उलटं जाऊ देतात का हे दारातच विचारा, काही ठिकाणी वाट एकेरी असते. सकाळचा पहिला गट किंवा बंद होण्याआधीचे दोन तास बरे. शेवटच्या तासात काही ठिकाणी आत घेत नाहीत. एक छोटी एकडोळी दुर्बीण न्या, दीड-दोन मीटरवर फोकस होणारी. दोरीपलीकडच्या कोटाचं काज हातानं केलंय की मशीननं, ते तिच्यातून दिसतं. हातानं केलेल्या काजाचे टाके किंचित असमान आणि कडेला गाठींची उठावदार माळ, मशीनच्या काजाला आतून दोऱ्याचे फाटे.

रविवारचा_प्रेक्षक

शेवटचं विचारतो. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधली ब्रीफकेस बघायची आहे. त्यात काय काय होतं?

खटपट्या

काळी चामड्याची पेटी, प्रत्यक्षात बऱ्यापैकी छोटी. आत घडी होणारी एआर-७ रायफल, गोळ्यांच्या नळ्या, बाजूला बटण दाबलं की निघणारी चपटी सुरी, दोन्ही कडांच्या पट्ट्यांत २५-२५ मिळून ५० सोन्याची नाणी, आणि टाल्कम पावडरच्या डब्यात अश्रुधूर. डब्याला चुंबक, पेटीच्या आत चिकटवायचा. नेहमीसारखे खटके बाजूला सरकवले की धूर तोंडावर. आधी खटके आडवे वळवायचे, मग सरकवायचे.

प्रदर्शनात पेटी उघडीच मांडतात, म्हणून सगळे आत बघतात आणि खटक्यांकडे कुणी बघत नाही. ते खरंच वळतात का, त्यांच्याखाली वळवल्याचा गोल ओरखडा आहे का, ते बघून ये आणि इथे लिही.

पाटीवाचक

आणि पाटीवर काय लिहिलंय तेही.